पाठीची पातळ फळी

तेरच्या माणसाला लाकडाचा अभिमान असणं साहजिक आहे. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट हजार वर्षांहून जास्त टिकली. आज ती गावातल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. ती बघत वाढलो आणि माझा ग्रह पक्का झाला : अस्सल लाकूड आणि मिस्त्रीचा हात, बाकी सगळं खोकं. सुटं येणारं, घरी जोडायचं पुस्तकांचं कपाट मला फर्निचर वाटायचंच नाही. स्वीडनमध्ये इकियाने १९५६च्या सुमारास टेबलाचे पाय सुटे केले ते गाडीत मावावं म्हणून, हे वाचलं तेव्हा तर मी निकालच देऊन टाकला. वाहतुकीच्या सोयीची वस्तू घरात काय टिकणार? असं कपाट असलेल्या एका सहकाऱ्याच्या घरी बसून मी हे बोललोही. तो हौसेने पुस्तकं लावत होता. ज्ञान नव्हतं ते माझं, नुसता तोरा होता.

मग मुलीने तसंच कपाट मागवलं. मी मदतीला बसलो, पण मनातून ते मोडण्याची वाट बघत होतो. तिने रिकामं खोकं उलगडून फरशीवर अंथरलं, म्हणजे फळ्यांच्या कडा उडणार नाहीत. मी ड्रिल काढलं, तर म्हणाली, “बाबा, हातानेच.” लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड तो, स्क्रू जास्त पिळला की भोवतीचा भुगाच सुटतो आणि मग तिथे काही धरत नाही. सगळे स्क्रू आधी सैल, घट्ट करायचे शेवटी.

सांगाडा उभा राहिला. मी कोपरा जरा ढकलला, तर सगळाच तिरका झाला. “बघ,” मी म्हणालो. ती काही बोलली नाही. सांगाडा पालथा घातला, टेपने एक कर्ण मापला, मग दुसरा. दोन्ही मापं जुळेपर्यंत हळूहळू सरकवत राहिली. मग पाठीची जेमतेम ३ मिलिमीटरची फळी, जी मी पुठ्ठा समजून बाजूला टाकली होती, बारीक खिळ्यांनी ठोकली. उभं करून मी पुन्हा ढकललं. हललं नाही. जोर लावला, तरी नाही.

मी गप्प झालो, कारण हे मला ठाऊक होतं. दाराची चौकट बसवताना मिस्त्री गुण्या लावतात, तिरकी पट्टी ठोकतात आणि भिंत धरेपर्यंत ती काढत नाहीत. चौकट सागवानी असली तरी. नुसत्या जाड लाकडाने काटकोन राहतो असं कुठलाच सुतार मानत नाही. मी मानत होतो. संग्रहालयातल्या चौकटीतही मी फक्त लाकूड पाहिलं. तीही सुट्या तुकड्यांची जोडणीच आहे, हे इतक्या वर्षांत डोळ्यांत शिरलं नाही.

ओल मात्र या बोर्डाला सोसत नाही. कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो, आणि मग पूर्ववत होत नाही. म्हणून तळाखाली रबराचे तुकडे लावलेत. जाडजूड ग्रंथ खालच्या खणात आहेत. कपाट पुढे कलंडू नये म्हणून वरची पट्टी भिंतीला जखडायची राहिली आहे. भिंत जुनी, दगडमातीची, तिच्यात गट्टू धरत नाही. त्यासाठी मिस्त्रींना निरोप दिला आहे.