जेसीबी आणि भातुकली

पहिली शिफ्ट सुटली की चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. त्यांतून उतरणाऱ्या मुलींकडे मी नेहमी बघत राहते. अंगात कंपनीचा शर्ट, पायांत सेफ्टी शूज, सॅकमध्ये रिकामा डबा. कुणी दिवसभर नट आवळलेत, कुणी वायरिंग हार्नेसच्या जंजाळातली एकेक वायर तिच्या जागी बसवली आहे. पिंपरीत तर हॅरियर आणि सफारी गाड्यांच्या जुळणीच्या लाइनवर दीड हजारांहून अधिक बायका आहेत. या गाड्या बनवणाऱ्या टाटा मोटर्सच्या, तेव्हाच्या टेल्कोच्या, जाहिरातीत १९७४ साली स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या तरुण मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि नोकरी मिळवली. तीच पुढे सुधा मूर्ती.

चौकात बसमधून उतरणाऱ्या मुलींपैकी एखादी, आता दोन लेकरांची आई, घरी जाताना खेळण्यांच्या दुकानात शिरते. एका फळीवर जेसीबी, ट्रक, खोटा ड्रिल. समोरच्या फळीवर गुलाबी किचन सेट, गुलाबी आरसा, गुलाबी केसांची बाहुली. दिवसभर पाना चालवलेली ती बाई लेकीसाठी गुलाबी डबा उचलते, कारण मुलींचं सामान तिकडेच असतं. मला हे फार लागतं.

भातुकलीवर माझा राग नाही. पितळेचं ते इवलंसं जग, बोटभर उंचीचा बंब, वाटीएवढी परात, खरंच फिरणारं जातं, यासारखं खेळणं दुसरं नाही. दुःख एवढंच, की ती अर्ध्या लेकरांना मिळत नाही. डाव मांडायच्या मुली, आणि मुलगे ‘कामावरून’ येऊन चुरमुऱ्यांच्या भातावर ताव मारायचे. त्याचं पुढे काय होतं ते चाकणच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये दिसतं. मराठवाड्यातून, विदर्भातून आयटीआय करून आलेली पोरं एकेका खोलीत चौघं-पाचजण राहतात. तिसरी शिफ्ट करून आलेला एखादा पोरगा सकाळी परातीत हात घालून बसतो आणि फोन खांद्याला दाबून आईला विचारतो, “कणीक सैल झाली, आता काय करू?” पलीकडून आई सांगते, थोडं पीठ घाल, झाकून ठेव. विसाव्या वर्षी, उपाशीपोटी त्याला पहिला धडा मिळतो. पाचव्या वर्षी तो हसतखेळत मिळाला असता.

हार्नेसच्या कामाला बायकाच बऱ्या, त्यांची बोटं नाजूक, असं इकडे सर्रास बोललं जातं. ती बोटं सरावलेली असतात. सागरगोटे झेलणं, मणी ओवणं, तांदूळ निवडणं लहानपणापासून त्यांच्याच वाट्याला आलेलं असतं. वडिलांची स्कूटर उघडली की पाना धरायला मात्र भावाला हाक जाते. पुढे कंपनीत दोघांची कामं वेगळी लागली, की आपण त्याला निसर्ग म्हणून मोकळे होतो.

दिवाळीतल्या किल्ल्याचंही तेच. चाकणला स्वतःचा भुईकोट आहे, संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला. या भागातल्या पोरांना किल्ल्याचं वेड असणारच. पण दगड, विटा, चिखल मुलांकडे, आणि पुढ्यात रांगोळी घालायचं काम मुलींकडे, अशी वाटणी न सांगता होते. मोशीच्या एका सोसायटीत मात्र मी सात-आठ वर्षांची एक मुलगी पाहिली. कोपरापर्यंत चिखल, फ्रॉक ओचा करून खोचलेला, करवंटीच्या तुकड्याने ती खंदक कोरत होती. धाकटा भाऊ उतारावर अगदी हलक्या चिमटीने मोहरी पेरत होता. गॅलरीतून आजीने हाक मारली, “अगं, हात बघ किती घाण झालेत!” तिथल्या साऱ्या पोरांचे हात तसेच होते, हाक तेवढी तिलाच आली. वर न बघता ती म्हणाली, “आजी, बुरूज अजून ओला आहे,” आणि पुन्हा कामाला लागली.

अशी वाटणी न करणारी खेळणीही असतात. ती बनवणारे, सुधा मूर्तींसारखेच टेल्कोत नोकरी केलेले एक इंजिनिअर म्हणजे अरविंद गुप्ता. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांमध्ये विज्ञानशिक्षणाच्या कामाला गेले. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकार करायची युक्ती त्यांना तिथे सुचली. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन लगेच कलतो. पुढे पुण्यात आयुका या विज्ञानसंस्थेत त्यांनी अशी कितीतरी खेळणी मुलांपुढे मांडली. आगकाडीला ना गुलाबी फळी, ना निळी. जे लेकरू हातात घेईल त्याची ती.

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारे बाबा छापले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण पुस्तक हाती येईपर्यंत लेकराची पाच-सहा वर्षं खेळण्यात गेलेली असतात, आणि ती खेळणी आपणच आणलेली असतात. म्हणून विनंती आहे. पुढचा वाढदिवस येईल, मोरया गोसावींचा उत्सव येईल, तेव्हा दुकानदार विचारेल, “मुलगा की मुलगी?” त्याला वय सांगा, आवड सांगा. आणि जमलं तर लेकराला बरोबर न्या, दोन्ही फळ्या दाखवा आणि निवड त्याची त्याला करू द्या.