कोळशाच्या रेघा

परवा गावाकडून चुलत भावाचा फोन आला. "एखादी खुडूक कोंबडी आहे का कुणाकडं, बघ की." त्यानं गिरिराज आणि वनराज पाळलेत. एक बंगळुरूचं वाण, दुसरं हैदराबादचं. अंडी भरपूर, पण बसायचं नाव नाही. खुडूक कोंबडी कितीतरी आठवडे अंडी देत नाही, म्हणून या वाणांतून तो गुणच काढून टाकला. आता पिल्लं हवीत तर गावरान कोंबडी उसनी आणायची. फोन ठेवला आणि आज्जीच्या दोन पाट्या आठवल्या.

आमचं गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या मुरमाड माळावरचं. घरात चुली दोन झाल्या, खुराडं मात्र एकच राहिलं. दसरा झाला की आई-दादा, काका-काकू ऊसतोडीला जायचे आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचे. मागे आज्जी, आम्ही सख्खी-चुलत सात पोरं आणि कोंबड्या. निघताना पोरांच्या तोंडावरून हात फिरवून झाला की दोघी जावा खुराड्यापाशी जायच्या. तांबडी आईची, काबरी काकूची. कोयत्याची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळे, पण मोजून घेई नवरा. अंड्याचा पैसा तेवढा बाईचा. त्याचा हिशेब पुरुषांनी विचारायचा नाही.

एका मार्गशीर्षात तांबडी आणि काबरी एकदमच खुडूक झाल्या, त्याही एकाच पाटीत. पिसं फुगवून बसलेल्या, हात नेला की 'कुर्रर्र' करून टोचायच्या. एकीनं अंडं पोटाखाली ओढलं की दुसरी चोचीनं परत आपल्याकडं घ्यायची. या ओढाओढीत एखादं कडेला गार पडायचं, एखादं पिचायचं. त्यात बाकीच्या कोंबड्याही तिथंच येऊन ताजं अंडं टाकून जायच्या. आज्जीचा खरा राग त्या ताज्या अंड्यावर. "समद्यांचा एकविसावा दिस एकच पायजे. चार पिल्लं निघाली की कोंबडी त्यांना घिऊन उठती. मागल्यांनी काय करावं?"

मग तिनं चुलीतला विझलेला कोळसा घेतला. आईच्या दहा अंड्यांवर एकेक रेघ, काकूच्या दहांवर दोन-दोन. बिनरेघेचं दिसलं की ते कालवणात.

दुसरी पाटी तयार झाली. तळाला राख, वर भुसा, मधे मुठीनं केलेला खोलगा. काबरीला रात्री अंधारात उचलायचं, कारण दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागी पळते. ही रात्री हलवूनही सकाळी तांबडीच्या उरावर! असं तीनदा झालं. शेजारची म्हणाली, "नाकात पीस घाला, पाण्यात बुचकळा, उतरंल खुडूक." आज्जी म्हणाली, "कोंबडी माझी न्हाई बाई. ती आल्यावर काय सांगू?" तिनं दुसरी पाटी पहिलीच्या कडेला कड लावून ठेवली. काबरी तिच्यात बसली, मान मात्र तांबडीच्या पाठीवर.

आठवड्यानं आज्जीनं बॅटरीच्या काचेवर अंडं धरलं. लाल बारीक शिरा, मधे हलणारा ठिपका. चार अंडी नितळ निघाली, ती बाजूला गेली. एकोणिसाव्या दिवशी पितळी पातेल्यात कोमट पाणी घेऊन एकेक अंडं अलगद सोडलं. पाणी थांबलं, आणि अंडं आपोआप डुललं! आम्ही सातही जणं श्वास धरून. जे डुलत नव्हतं ते आज्जी कानाशी नेई आणि काही न बोलता ठेवून देई. असं एकच निघालं.

एकविसाव्या दिवसाच्या पहाटे पंधरा पिल्लं होती. पण कुणाखाली कुणाची? रात्रीतून ती एका पाटीतून दुसरीत गेली होती, आणि दोन्ही कोंबड्या जवळ येईल ते पंखाखाली घेत होत्या. अंगणात उतरल्यावरही तेच. एक कण्या टिपायला बोलावी, दुसरी आभाळाकडं एक डोळा लावून घारीवर नजर ठेवी. तरी घारीनं दोन नेलीच.

पाडव्याच्या आधी दोघी परतल्या. बोचकं उतरवायच्या आधी आईनं विचारलं, "माझी कोणती?" काकूही मागं उभी. आज्जीनं कोनाड्यातलं फडकं काढून सोडलं. आत फुटलेली कवचं होती. "एका रेघंची सात, दोन रेघांची आठ. हिशेब हा असा हाय. पिल्लं तुमची तुम्ही निवडा."

तेरा तलंगा आणि कोंबडे उकिरड्यावर उकरत होते. दोघी बराच वेळ बघत राहिल्या. मग काकू म्हणाली, "बाई, अंडी द्यायला लागल्या की बघू." आणि काकूनं माझ्या, आईनं तिच्या धाकट्याच्या डोक्यातली ऊ बघायला सुरुवात केली.