आधी ‘विचार’, मग ‘विचारू नको’
युनिक्समध्ये फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ कमांडला ‘आय’ हा ऑप्शन दिला, की ती प्रत्येक फाइलपाशी थांबून परवानगी मागते. ‘एफ’ दिला, की काही न विचारता पुसते. दोन्ही एकदम दिले तर? पॉझिक्स मानकाचे उत्तर सरळ आहे: शेवटी येईल त्याचे ऐकायचे. एरवी ऑप्शनच्या क्रमाने अर्थ बदलू नये, असे हेच मानक सुचवते. परस्परविरोधी ऑप्शनांपुरती ही सवलत.

सवलत गरजेची आहे, कारण पुष्कळदा पहिला ऑप्शन माणसाने टाइप केलेलाच नसतो. रेड हॅट लिनक्सवर रूटसाठी ‘आरएम’, फाइल कॉपी करणारी ‘सीपी’ आणि हलवणारी ‘एमव्ही’ यांचे एलियस, म्हणजे टोपणनावे, करून ‘आय’ आधीच जोडलेला असे. सर्वाधिकार हाती असलेल्याने निदान एकदा थांबावे, हा हेतू चांगलाच. पण डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट पुसायला ‘आरएम -आरएफ’ टाइप केले, की शेल त्याचे ‘आरएम -आय -आरएफ’ करते. शेवटचा ‘एफ’ वरचढ ठरतो आणि अख्खी डिरेक्टरी जाण्याच्या वेळीच संरक्षण गळून पडते.

हे लक्षात ठेवून कोणी ‘सीपी -एफ’ लिहावे, तर भलतेच घडते. चालते ‘सीपी -आय -एफ’, ‘एफ’ शेवटी आहे, तरीही ओव्हरराइट करू का, हा प्रश्न फाइलीमागून फाइल येतच राहतो. बॅकअप परत आणताना हे फार छळते. पण हा बिघाड नाही. ‘सीपी’च्या ‘एफ’चे काम वेगळे आहे: जुनी फाइल लिहिण्यासाठी उघडली नाही, तर ती काढून पुन्हा प्रयत्न करणे. विचारण्या-न विचारण्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून दोन्ही ऑप्शन पाळले जातात. ‘एमव्ही’ मात्र ‘आरएम’प्रमाणे शेवटच्याचेच ऐकते. एकच अक्षर शेजारशेजारच्या कमांडमध्ये असे वेगळे वागावे, हे खरोखर जाचक आहे.

‘टार’ची रीत अधिक सुरक्षित. अर्काइव्ह बनवणारा ‘सी’ आणि उघडणारा ‘एक्स’ एकत्र दिले, तर ग्नू टार एरर देऊन थांबते. ‘सी’ जिंकला असता, तर उघडायची अर्काइव्हच पुसून नव्याने लिहिली गेली असती. ‘आरएम’ला असे अडून बसता येत नाही, एलियस असलेल्या टर्मिनलवर मग प्रत्येक ‘आरएम -आरएफ’ अडली असती.

एलियस टाळायचा तर कमांडच्या आधी बॅकस्लॅश देता येतो. बॅश स्क्रिप्टमध्ये मात्र एलियस एरवी लागूच होत नाहीत. टर्मिनलवर विचारत बसणारी ‘सीपी’ची तीच ओळ तिथे जुन्या फाइलींवर मुकाट्याने लिहून टाकते.