गाळ ओला आहे तोवर

बनारसच्या घाटांवरचा गाळ काढायचा तो पाणी उतरू लागलं की लगेच. पाण्याने पायरी सोडली त्या दिवशी तो श्रीखंडासारखा असतो, पाइपच्या धारेने सरसर खाली जातो. आश्विनातलं ऊन खाल्लं की त्याला तडे जातात, ढेपा धरतात, मग कुदळीशिवाय इलाज नाही. आणि कुदळ मला घाटावर नकोच. दगड चुनारचा, वालुकाश्म. लोखंड लागलं की कोर उडते.

या घाटांतलाच अमृतराव घाट आता राजा घाट म्हणून ओळखला जातो. नारद घाटाला लागूनच आहे. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे 1803 मध्ये इंग्रजांशी तह करून पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडले. हा घाट त्यांच्या नावाचा. गादी मिळाली नाही, पण पायऱ्या पक्क्या बांधून गेले. गंगेची इथली धोक्याची पातळी 71.262 मीटर, आणि 1978 मध्ये पाणी 73.901 मीटरवर पोचलं होतं. एवढं पाणी चढलं की काठाशी, पायऱ्यांवर ते संथ होतं आणि अंगावरचा गाळ तिथेच टाकतं.

काम वरून खाली. खालून सुरुवात केली तर वरचा चिखल धुतलेल्या पायऱ्यांवर पुन्हा येऊन बसतो. त्याआधी निर्माल्य, चिंध्या, प्लास्टिक हाताने वेचून घ्यायचं. गाळ नदीचा, तो नदीत परत गेला तर माझी तक्रार नाही. बाकीचं तिने मागितलेलं नाही. धार समोरून मारायची नाही, दगडांचे सांधे उकलतात. पायरीच्या बुडाशी, तिरपी धरायची. पाइप असा उसळी घेतो की नोझलवर एक आणि मागे खांद्यावर पाइप घेतलेला दुसरा, अशी दोन माणसं लागतात. पायांत चप्पल नाही, गमबूटही नाही. अनवाणी उभं राहायचं, बोटं पायरीच्या कडेला रोवून. पाय सुटला की धार भलतीकडेच जाते.

माझा भाचा अमेरिकेत, बर्फाळ मुलखात राहतो. छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना साखळ्या बांधून घरासमोरचा बर्फ लोटतो. फोनवर सांगत होता, “मामा, एकदा आवळून भागत नाही. थोडं पुढे जायचं, उतरायचं, ढिली पडलेली साखळी पुन्हा ओढायची. नाहीतर मडगार्डला घासते.” डांबरावर त्या साखळ्यांचे ओरखडे उठतात, याचीही त्याला काळजी. म्हटलं, तुझा नि माझा धंदा एकच. ताकद इंजिनात कितीही असू दे, खाली पकड नसेल तर चाक जागीच फिरतं.

आमच्याकडे पुन्हा पुन्हा बघावा लागतो तो फुटव्हॉल्व्ह, पंपाच्या नदीत सोडलेल्या पाइपच्या तोंडाची जाळीची झडप. नदी रोज उतरते, सकाळी बुडालेली जाळी संध्याकाळी उघडी पडते, आणि पंप हवा धरतो. धार फुसफुसून बंद. मग पाइप खाली सरकवा, पंपात पाणी भरा, पुन्हा चालू करा. नवी पोरं वैतागतात. मी जाळीजवळ एक काठी रोवून ठेवतो. पाणी तिच्यावरच्या खुणेखाली गेलं की पंप थांबायच्या आधीच पाइप सरकवायचा.

कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळी. पणत्या मांडणारे दसऱ्यापासूनच विचारू लागतात, खालच्या पायऱ्या कधी मिळणार? मी त्यांना ती काठी दाखवतो.