तेलाची सोय

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नसला की पडद्यावरची मराठी अक्षरं आधी फुगतात. वेलांट्या आडव्या पसरतात, मात्रा शिरोरेषेवर लोळतात, अनुस्वाराचं टिंब लांबट होतं. पान खाली सरकवायला जावं तर ते पट्ट्यापट्ट्यांनी ओघळत येतं. रुंद पडद्यावर १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचं चित्र ताणून बसवलेलं असतं, आणि डिव्हाइस मॅनेजर उघडला तर कार्डाच्या नावाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ एवढीच ओळ दिसते. कार्ड खाचेत बसलेलं आहे, त्याला वीज मिळते आहे, पंखा फिरतो आहे. त्याच्या अंगात जे काही आहे ते सगळं शाबूत आहे; त्याला काम सांगणारा तेवढा जागेवर नाही.

नेवाशात माझ्याकडे दुरुस्तीला येणारे संगणक बहुधा याच अवस्थेत येतात. मोटारसायकलवर, मागे बसलेल्याच्या मांडीवर, चादरीत गुंडाळून. कुणाचं टायपिंगचं दुकान असतं, कुणाचा फोटो स्टुडिओ, कुणाचं खतांचं. खेळ खेळायला यातल्या कुणालाच कार्ड नको असतं. टायपिंगवाल्याला पेजमेकर चालवायचा असतो. पेजमेकर ७, म्हणजे २००१ साली आलेला आणि त्यापुढे कधीच न वाढलेला. लग्नाच्या पत्रिका, सप्ताहाची पत्रकं, दशक्रियेची कार्डं, कामिका एकादशीच्या यात्रेचे फलक. गावाची कितीतरी वर्षं त्या फाइलींत साठलेली असतात. त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. नव्या संगणकावर उघडल्या की नवरदेवाच्या नावाच्या जागी उलटसुलट रोमन अक्षरं येतात. मजकूर बदलून देणारी साधनं आहेत, पण पानाची मांडणी त्यातून सहीसलामत बाहेर येत नाही. म्हणून ‘नवा घेऊन टाका’ असं माझ्या तोंडून सहसा निघत नाही.

मराठी अक्षर आणि संगणकातलं कार्ड यांचा संबंध तसा बराच जुना आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि आयआयटी कानपूरमध्ये रुजलेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं, काम तिथे वाढलं. डॉसच्या त्या दिवसांत जिस्टचं वेगळं कार्ड संगणकात खोचलं की इंग्रजीसाठी बनलेल्या पडद्यावर देवनागरी उमटू लागे. जोडाक्षर कसं जुळवायचं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी कशी काढायची, ही समज त्या कार्डासोबत येई. १९९१ मध्ये अक्षरांना आकडे ठरवून देणारं इस्की हे भारतीय मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावरूनच घेतलेली होती. पुढे ती समज कार्डातून निघून फाँटमध्ये आणि प्रणालीत गेली. कार्डाची गरज संपली, अक्षर राहिलं, कारण कोणत्या अक्षराला कोणता आकडा हे कुणालाही वाचता येईल अशा मानकात लिहून ठेवलेलं होतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

ड्रायव्हरकडे वळण्याआधी कॅबिनेट उघडावं लागतं. उसाचा हंगाम सुरू झाला की भेंडे-सोनईच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि धूळ दुकानात, दुकानातून कॅबिनेटमध्ये जाते. ब्लोअर मारायचा, कार्ड खाचेतून सोडवायचं, त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं, कपॅसिटरची डोकी फुगलीत का ते उजेडात धरून बघायचं. पंखा बोटानं फिरवून पाहायचा. अडखळला तर चिपवर वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावायची. एसएमपीएसचं, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचं, व्होल्टेज मोजायचं. नेवाशात वीज कशी येते-जाते हे ठाऊक असलेला माणूस ही पायरी गाळत नाही. पुष्कळदा आजार इथेच सापडतो.

नाही सापडला, तर कार्डाला त्याची ओळख विचारायची. वरचं स्टिकर उडालेलं असो, खोका कधीच रद्दीत गेलेला असो, प्रत्येक कार्डाच्या आत दोन आकडे कोरलेले असतात: एक बनवणाऱ्याचा, एक नगाचा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या तपशिलात ते मिळतात, लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ते सांगते. ‘१०डीई’ म्हणजे एनव्हिडिया, ‘१००२’ म्हणजे एटीआय, आताची एएमडी. इंटेलनं आपल्यासाठी ‘८०८६’ घेतला, १९७८ मधल्या स्वतःच्याच प्रोसेसरचा आकडा. धुळीनं माखलेल्या, नाव पुसलेल्या पाटीनं ‘१०डीई, ०ए६५’ असं सांगितलं की मला दर वेळी आनंद होतो. ते आहे जीफोर्स २१०, २००९ सालचं.

आता या कार्डाचं पुढे काय झालं ते पाहा. विंडोजसाठी त्याचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. लिनक्ससाठी कंपनीचा शेवटचा ३४०.१०८, डिसेंबर २०१९ चा. त्यानंतर कंपनीनं या पिढीसाठी लिहिणं थांबवलं. नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर १९५४ ते ५६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या चमूनं उत्खनन केलं तेव्हा जसे वरून खाली थर लागत गेले, तसेच हे क्रमांक आहेत: वर आजच्या कार्डांचे, त्याखाली ४७०, त्याखाली ३९०, आणि आपलं कार्ड ३४० च्या थरात. वरच्या थरातला ड्रायव्हर खालच्या कार्डाला ओळखतच नाही. लोक हौसेनं सगळ्यात ताजा उतरवून घेतात, तो अर्ध्यावर थांबतो, आणि जुन्याचे तुकडे नव्याच्या तुकड्यांत मिसळून बसतात. मग सेफ मोडमध्ये जायचं, इंटरनेटची वायर काढायची (ती राहिली तर विंडोज मधेच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवतं), मागचे सगळे अवशेष पुसायचे आणि त्या पिढीचा नेमका ३४२.०१ बसवायचा. पडदा एकदा काळा होतो, आणि पुन्हा उजळतो तेव्हा अक्षरं बारीक, रेखीव झालेली असतात. अनुस्वाराचं टिंब पुन्हा गोल झालेलं असतं.

लिनक्सवर गोष्ट वेगळी आहे आणि मला तिच्याबद्दल जास्त बोलायचं आहे. तिथे कर्नल म्हणजे गाभा काही आठवड्यांनी नवा होतो. कंपनीचा ड्रायव्हर त्या गाभ्याच्या बाहेर राहतो, म्हणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचा सांधा पुन्हा घडवावा लागतो. डीकेएमएस नावाची सोय ते काम आपोआप करते, जोवर ते होण्यासारखं असतं तोवर. ३४०.१०८ निघाला तेव्हा कर्नल ५.४ होता. पुढच्या कर्नलांत आतली काही फंक्शनं बदलली, काही गेली, आणि सांधा जुळेनासा झाला. संगणक सकाळी अपडेट होतो, दुपारी चालू करावा तर काळा पडदा. अशा वेळी घाबरून बटण दाबून धरू नये. कॅप्स लॉक दाबावं. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला तर यंत्र जिवंत आहे, फक्त दाखवू शकत नाही. पुन्हा सुरू करताना बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ लिहावं, म्हणजे कर्नल पडद्याच्या मांडणीला हात लावत नाही आणि साध्या चित्रावर तरी आपण आत पोचतो. आत गेल्यावर लॉग वाचावा, वरून खाली, सावकाश. चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि मग नूव्हो या खुल्या ड्रायव्हरकडे यावं. कंपनीनं कार्डाची कागदपत्रं दिली नव्हती, तेव्हा काही प्रोग्रामरांनी बाहेरून कान लावला. कंपनीचा ड्रायव्हर चालू असताना तो कार्डाच्या कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहितो, हे एमएमआयओट्रेस या साधनानं टिपून घ्यायचं. रंग बदलला तर कोणता आकडा बदलला, दुसरा पडदा जोडला तर कोणता. अशा टिपणांवरून त्यांनी कार्डाची बोली जुळवत नेली. २०१० मध्ये, लिनक्स २.६.३३ सोबत, नूव्हो मूळ कर्नलमध्ये आला. तो कार्डाची सगळी ताकद वापरू शकतो असं नाही, कित्येक कार्डं त्याच्या हाताखाली मंदच चालतात. पण त्याची जागा गाभ्याच्या आत आहे. गाभ्यात कुणी एखादं फंक्शन बदललं तर ते वापरणारे आतले सगळे ड्रायव्हरही त्यानंच दुरुस्त करून द्यायचे, अशी तिथली रीत आहे. बाहेरचा ड्रायव्हर मागे धावत राहतो आणि एके दिवशी थांबतो. आतल्याला सगळे बरोबर घेऊन चालतात. जीफोर्स २१० वर आज नव्या कर्नलसोबत स्वच्छ मराठी वाचता येतं ते या रीतीमुळे.

एएमडीनं २००७ मध्ये आपल्या चिपांची कागदपत्रं खुली करायला घेतली. एनव्हिडियानं मे २०२२ मध्ये कर्नलचे भाग खुले केले, पण २०१८ मधल्या पिढीपासून पुढच्याच कार्डांसाठी. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या दिवशी एखाद्या कार्डासाठी लिहिणं थांबवायचं, त्या दिवशी त्याची कागदपत्रं सगळ्यांना देऊन टाकावीत. थांबवणं मला समजतं. थांबवून कुलूप लावणं समजत नाही.

नेवाशात राहून हे जास्तच जाणवतं. ज्ञानेश्वरांच्या मंदिरात एक खांब आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली अशी श्रद्धा आहे, आणि लोक त्याच्या दर्शनाला येतात. त्या खांबावर एक संस्कृत लेखही आहे, तिकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. त्यात लढाई नाही, विजय नाही. करवीरेश्वराच्या अखंड दिव्याला तेल मिळावं म्हणून आजोबांनी दर महिन्याची जी नेमणूक लावून दिली होती, ती पुढेही चालावी, एवढाच त्याचा विषय. दिवा लावणाऱ्याचं कौतुक जग करतं. तेलाची सोय दगडावर कोरून ठेवावी असं ज्याला वाटलं, त्याच्यापाशी मी अधिक वेळ उभा राहतो.

ज्ञानेश्वरीलाही अशी सोय लागली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, आणि पुढे नकलांवर नकला होत गेल्या. कुणाचा हात घसरला, कुणी ओवी गाळली, कुणी आपली घातली. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणला एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून पाठ शुद्ध केला. इथली प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि तेच पाणी पुढे पैठणला जातं. मूळ लेखनाला २९४ वर्षं झाली होती. एकनाथ स्वतः थोर कवी. त्यांना स्वतःची भर घालता आली असती. त्यांनी ती घातली नाही, आणि इतरांनीही घालू नये असं बजावून ठेवलं. दुसऱ्याचं लिहिलेलं चालू राहावं म्हणून एवढ्या ताकदीचा माणूस ओळीन् ओळ ताडून बघत बसला. कर्नलमधली जुन्या कार्डांची दुरुस्ती वाचताना, ‘या फंक्शनचं नाव बदललं, म्हणून इथेही बदलतो आहे’ एवढाच शेरा असलेले बदल पाहताना, मला पैठणची ती बैठक आठवते.

टायपिंगवाल्या अण्णांच्या यंत्रात शेवटी दोन घरं केली. एका घरात विंडोज आणि ३४२.०१, तिथे पेजमेकर. विंडोज १० चा सुरक्षेचा नेहमीचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, म्हणून त्या बाजूला इंटरनेट नाही. फाइली पेन ड्राइव्हनं जातात-येतात. दुसऱ्या घरात लिनक्स आणि नूव्हो, तिथे मेल, सरकारी अर्ज, युनिकोडमधलं नवं काम.

“पोराला कळंल का हे सगळं?” अण्णांनी विचारलं.

“लिहून ठेवलंय, अण्णा. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला.”

मार्करनं कार्डाचे दोन आकडे, दोन्ही घरांतले चाललेले ड्रायव्हर, आणि तारीख. असे ड्रायव्हर मी एका फोल्डरमध्ये साठवतो. प्रत्येकासोबत साध्या मजकुराची एक फाइल असते: कोणतं कार्ड, कोणती प्रणाली, कशानं चाललं, कशानं अडलं. नक्कल वेगवेगळ्या ठिकाणी आहे. त्यात अजून पुष्कळ जागा रिकाम्या आहेत, विशेषतः २००५ च्या आधीच्या कार्डांच्या. नेवासा, नेवासा फाटा, कुकाणे, घोडेगाव, कुठेही कुणाच्या कपाटात मदरबोर्डाच्या किंवा कार्डाच्या खोक्यातली जुनी सीडी असेल तर ती रद्दीत देऊ नका. ओरखडे पडलेले असले तरी आणा. नक्कल करून सीडी परत देतो.