चढ राहू द्या

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्याची ओळख धबधब्यांची नाही. धबधब्याला खडकाची पायरी लागते. सह्याद्रीत लाव्ह्याचे थरावर थर बसले, म्हणून पावसाळ्यात तिथे कड्याकड्यावरून पाणी कोसळते. ते काळे थर नागपूरच्या आसपास सरत येतात आणि पूर्वेला वैनगंगेचे सखल खोरे लागते. इथले पाणी पसरत जाते. तरीही आडवाटेच्या धबधब्याकडे नेणारी छोटी, उभी चढण जे देते, ते या तालुक्यात अंभोऱ्याच्या टेकडीवर मिळते. खाली वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम, वर चैतन्येश्वराचे देऊळ. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ इथेच रचला, असे इथली परंपरा मानते. आंबेजोगाईही तो मान सांगते. अशा जागी चढ हा पाहण्याचाच भाग असतो, असे मला ठामपणे वाटते. काठावरून गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचे पाणी सरसकट एकच दिसते, कुठली नदी कुठून आली ते उमगत नाही. चढताना धाप लागते, पोटऱ्या भरून येतात, पाय थांबतात. थांबलेला माणूस मागे वळून पाहतो आणि त्या पाण्याचा एकेक फाटा त्याला वेगळा दिसू लागतो. चढ छोटा, म्हणून दमून नजर मंदावण्याआधीच माथा येतो.

शेजारच्या केबल पुलाच्या मनोऱ्यातली गॅलरी हेच दृश्य लिफ्टने दाखवते, मग दमछाक कशाला, असे कुणी म्हणेल. पूल हवाच होता. कुहीकडची आणि भंडाऱ्याकडची गावे त्याने जवळ आणली. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी लिफ्टही मोलाची आहे. पण ती एकदम उंचीवर नेऊन सोडते, मधले थांबे गाळून. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निसरड्या वाटा जीव घेतात, त्या सिमेंटने बांधून काढाव्यात. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली, ते विसरता येत नाही. पण वाट सिमेंटची केली म्हणून वरून येणारा लोंढा अडत नाही. पाण्यात उतरणारी गर्दी मात्र वाढते. सुटलेले दगड जरूर बसवावेत. त्याहून गरजेचे आहे पाणी ओळखणे. नितळ धार गढूळली, तिच्यात काटक्या आणि पाला येऊ लागला, की वरच्या अंगाला जोराचा पाऊस झालेला असतो. तेव्हा सामान गोळा करत न बसता काठ गाठायचा. प्रत्येक धबधब्याच्या वाटेवर मृगाआधी एवढे ठळक मराठीत लिहिलेली पाटी लागली पाहिजे.