शिकारी शंभूची बाजू

बोरिवली

प्रिय सुधाताई,


‘शिकारी शंभू’ हा निव्वळ पोरकटपणा आहे, म्हणून शाळेच्या वाचनालयाच्या यादीतून तो वगळायचा, हे तुझं म्हणणं मला मुळीच पटत नाही. अनंत पै यांनी मुंबईत १९८० साली ‘टिंकल’ हे मुलांचं चित्रकथांचं नियतकालिक सुरू केलं. तीन वर्षांनी त्यासाठी लुईस फर्नांडिस यांनी शंभू हा भित्रा शिकारी कल्पिला आणि वसंत हळबे यांनी तो चितारला. सगळी गोम त्या चित्रातच आहे. शिकाऱ्याची मदार नजरेवर, आणि हळब्यांनी नेमके त्याचे डोळेच शिकारी टोपीखाली कायमचे झाकून टाकले! जिम कॉर्बेट काय किंवा आपले भानू शिरधनकर काय, शिकारकथा म्हटली की माग, मचाण, नेम, बार हे ओघानं आलंच. शंभूकडे बंदूक असते, जंगल असतं, फक्त हिंमत नसते. तो घाबरून झाडावर चढतो, फांदीसकट खाली येतो आणि त्या गडबडीत जनावर जेरबंद होतं. लोक जयजयकार करतात. यात चेष्टा जनावराची नाही. घडलं एक आणि गावभर झालं भलतंच, अशी शौर्याची दंतकथा कशी तयार होते, ते इथे मुलाला दोन-चार पानांत दिसतं.

मुलांनी कॉर्बेट वाचलेला नसतो, मग विडंबन कळणार कसं, असं तू म्हणशील. पण ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून १९६४ पासून वेताळ घरोघरी पोचला होता, कधीच न चुकणारा नायक मुलांच्या चांगला ओळखीचा होता. भित्र्याला फुकटचा मान मिळतो, हा आक्षेपही टिकत नाही. खरं काय घडलं ते शंभूखेरीज फक्त वाचकाला ठाऊक असतं, त्यामुळे जयजयकारावर शंका घ्यायला मूल आपसूक शिकतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला चाप लावला, पण गोष्टींतला शिकाऱ्याचा रुबाब शाबूत होता. तो उतरवायला हसूच लागलं.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे: जनावर शेवटी पिंजऱ्यात जातं आणि गोष्ट सुखात संपते. इथे बोरिवली-मुलुंडकडे वस्तीत बिबट्या दिसला की आजही पहिली मागणी पिंजऱ्याचीच होते. पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे संघर्ष उलट वाढतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नरकडच्या अभ्यासातून पुढे आलं आहे. शंभूचं विडंबन शिकाऱ्यापाशी थांबलं, पिंजऱ्यापर्यंत गेलंच नाही. पण त्यासाठी त्याला काढून टाकू नकोस. यादीत शंभू राहू दे, आणि जंगल-प्राण्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचं एखादं पुस्तक त्यात घाल.

तुझा,
मिलिंद